सांदण दरी: धरणाच्या काठाने सायकलवर, ओढ्याच्या पोटातून पायी

डोंगरधारेवर चालताना ढग दाटले की दिसतात, वारा फिरला की अंगाला कळतो. ओढ्याच्या दरीत उतरलं की डोक्यावर आभाळाची एक पट्टी तेवढी उरते. वरच्या पाणलोटात काय चाललंय ते कळायला मार्ग राहत नाही. म्हणून दरीची तयारी गडाच्या तयारीपेक्षा वेगळी करावी लागते. गडावर निघताना आपण 'वर कसं जायचं' ते विचारतो. दरीत शिरण्याआधी 'बाहेर कुठून पडायचं' ते विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत पाऊल आत टाकायचं नाही. या लेखातली बाकीची सगळी कामं या प्रश्नाच्या भोवतीच फिरतात.

उदाहरण म्हणून सांदण दरी घेतली आहे. धरणाकाठचा सायकलचा रस्ता, जंगल, अरुंद घळ, कमरेएवढं पाणी, धोंड्यांचा पट्टा, दोरावर उतरायचे टप्पे आणि परतीचा जुना घाट, हे सगळं इथे एकाच ठिकाणी भेटतं. इथे नीट चालायला शिकलेला माणूस सह्याद्रीतल्या दुसऱ्या कुठल्याही ओढ्यात शहाण्यासारखा वागतो.

आधी जागा समजून घ्या

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या पार मागच्या टोकाला साम्रद गाव आहे. एका बाजूला रतनगड, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग. गावापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की पठार अचानक फाटतं आणि सांदणचं तोंड दिसतं. आत दोन्ही भिंती दोनशे-तीनशे फूट चढत जातात आणि काही ठिकाणी त्यांच्यातलं अंतर जेमतेम दहा फूट राहतं. तळाला ऊन पोहोचतं ते दुपारीच.

साम्रद पाणी वाटणाऱ्या धारेवर बसलंय. रतनगडाच्या अंगाला उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या जलाशयातून पूर्वेला गोदावरीकडे जाते. सांदणचा ओढा मात्र पश्चिमेला, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात डेहण्याकडे कोसळतो. म्हणजे गावाच्या एका अंगाला पडलेलं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं आणि दुसऱ्या अंगाचं अरबी समुद्राकडे. कोकणाच्या बाजूला उतार फार तीव्र असल्यामुळे तिकडच्या ओढ्यांनी खडक खोल कापला आहे.

सह्याद्रीचा हा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. त्यात उभ्या भेगा आहेत. पाणी अशा भेगेत शिरतं, ती रुंद करतं, वरून सुटलेले धोंडे खाली घरंगळत नेतं. थर सारखे कठीण नसतात. कठीण थराच्या काठावरून ओढा उडी घेतो आणि खालच्या मऊ थरात डोह कोरतो. चालणाऱ्याने यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: घाटमाथ्यावरून उतरणारा प्रत्येक ओढा टप्प्याटप्प्यांनी खाली जातो, आणि घसरत उतरलेला टप्पा परत चढता येईलच असं नसतं. एक टप्पा घसरून उतरलात, पुढचा टप्पा पन्नास फुटांचा निघाला आणि मागचा चढता येईना, की माणूस अडकला. ओढ्यांत अडकलेल्यांच्या हकिगती बहुतेक अशाच असतात. जो टप्पा दोराशिवाय परत चढता येणार नाही तो दोराशिवाय उतरायचा नाही.

कधी जायचं

पावसाळ्यात सांदणमध्ये जायचं नाही. जून ते सप्टेंबर ही दरी म्हणजे पाण्याची नळी असते. पठारावर पडलेलं सगळं पाणी तिच्यातूनच जातं आणि आत बाजूला सरकायला जागा नसते. शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, यावरून पावसाचा अंदाज घ्या. त्या दिवसांत धरणाकाठचा रस्ता सायकलवर करा, दरीचं तोंड लांबून बघा आणि मागे फिरा.

ऑक्टोबर सगळ्यांना मोहात पाडतो, कारण डोंगर हिरवे असतात आणि आभाळ निळं. पण परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि अर्ध्या तासात ओढा भरून टाकतो. मेमधला वळीवही तसाच. या दोन्ही महिन्यांत जायचंच असेल तर उजाडताच आत शिरा आणि दुपार व्हायच्या आत भिंतींच्या बाहेर असा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सगळ्यांत योग्य वाटतो. डोहांत पाणी असतं, पण वाहतं नसतं. डिसेंबर-जानेवारीत ते सकाळी चांगलंच गार लागतं, छातीपर्यंत भिजून सावलीत तासभर बसलेला माणूस कुडकुडायला लागतो, त्यामुळे कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यायलाच हवेत. मार्च-एप्रिलमध्ये डोह आटतात, चालणं सोपं होतं, पण खालच्या धोंड्यांच्या पट्ट्यात ऊन भाजून काढतं.

निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा अंदाज बघा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये असू द्या. अंदाज फक्त गावाचा बघून भागत नाही. ओढ्याचं पाणी जिथून येतं त्या पठारावरचं आभाळ महत्त्वाचं.

नकाशा कसा वाचायचा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यावर ओढा शोधायचा आणि बोटाने उगमाकडे जायचं. समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, टोकं जिथे डोंगराच्या दिशेने आत वळतात ती दरी. या टोकांना मिळणारे छोटे ओहोळ मोजा. जितके ओहोळ जास्त, तितकं जास्त पाणी तुमच्या घळीत एकत्र येणार.

मग रेषांमधलं अंतर बघा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा किंवा धबधबा समजावा. पण इथे एक मेख आहे, आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. या नकाशांवर दोन रेषांमधला फरक २० मीटरचा असतो. सांदणमधला पहिला मोठा टप्पा साधारण ४५ फुटांचा, म्हणजे १४ मीटरांच्या आत. असा टप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून राहतो. नकाशा कोरा दिसला म्हणून ओढा सरळ उतरतोय असं मानू नका. उपग्रहाच्या चित्रांवरही भरवसा नको, कारण अरुंद घळीचा तळ सावलीत काळा दिसतो.

आता कागदावर तीन जागा लिहा. आत शिरायची जागा, शेवटची मागे फिरायची जागा आणि बाहेर पडायच्या वाटा. सांदणचं उत्तर असं आहे: तोंडापासून भिंती संपेपर्यंत बाजूने बाहेर पडायला वाट नाही, मागे फिरून तोंडाकडेच यायचं. भिंती संपल्यावर पहिल्या दोराच्या टप्प्यापाशी शेवटचा निर्णय. तो उतरलात की मग खालून करोली घाटाने साम्रदला वर यायचं किंवा डेहण्याला कोकणात उतरायचं. हा कागद आणि परतायची वेळ घरच्या एका माणसाकडे ठेवून निघा. 'रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हेही त्यावर लिहा.

सायकलचा भाग

सायकल आणायची असेल तर इगतपुरी किंवा कसारा स्टेशनवर उतरून घोटी, बारी, शेंडी असा रस्ता धरतात. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर या रस्त्यावर बराच वेळ सोबत करतं. शेंडी हे भंडारदऱ्याचं गाव, तिथला विल्सन बंधारा १९२६चा. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी असा चाळीस-पन्नास किलोमीटरचा आहे. आकडा छोटा वाटतो, पण चढ-उतार संपत नाहीत. सवय नसलेल्याने पूर्ण दिवस धरावा. मी म्हणेन, पहिल्या दिवशी शेंडीहून रतनवाडीमार्गे साम्रद, मुक्काम, दुसऱ्या दिवशी दरी, आणि तिसऱ्या दिवशी घाटघरमार्गे शेंडी. रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. सायकल लावून तासभर तिथे थांबा, शिल्पं निवांत बघण्यासारखी आहेत.

सायकल कुठली हा प्रश्न फार विचारला जातो. एमटीबी (डोंगरी रस्त्यांची सायकल) किंवा रुंद टायरची हायब्रिड चालते. रेसिंगची बारीक टायरची इथल्या खड्ड्यांवर आणि खडीवर आणू नका. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जरा कमी ठेवा, पण इतकी नको की खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फुटेल. ब्रेक आदल्या दिवशीच तपासा. ओल्या उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरा, वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, साखळी जोडायची कडी आणि पुढचा-मागचा दिवा सोबत हवा. शेंडी सोडल्यावर सायकलचं दुकान शोधत बसू नका.

पावसाळ्यात या रस्त्यावर फरशी पूल आणि साकव लागतात. त्यांच्यावरून गढूळ पाणी वाहत असेल तर थांबा. वाहत्या पाण्याला पिंडरीपर्यंतची खोलीसुद्धा माणूस पाडायला पुरते आणि पाण्याखालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली ते वरून दिसत नाही. पाणी उतरण्याची वाट बघायची किंवा आलेल्या रस्त्याने परत. संथ आणि उथळ पाण्यातून सायकल न्यायची झाली तर ती खालच्या अंगाला धरून ढकलत न्या. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्या पायांवर लोटतो.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. सायकल डांबरी आणि गावच्या रस्त्यांवरच ठेवा. जंगलातल्या गुरांच्या वाटांवर टायरांनी चर पडले की पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

गावात काय विचारायचं

साम्रदला पोहोचलात की आधी बोलायला बसा. इथली वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, आणि दरीची खरी माहिती गुरं राखणाऱ्या माणसाकडे असते. 'दरी कशी आहे?' असं मोघम विचारलंत तर 'चांगली हाय की' एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. 'मामा, दुसऱ्या डोहात पाणी कमरेला हाय का छातीला?' 'मोहोळं कुठल्या अंगाला बसल्यात?' 'ह्या आठवड्यात वर पाऊस झाला का?' आणि समोरचा म्हातारा घाटघरच्या दिशेने बघत 'आज काळं झालंय, नका जाऊ' म्हणाला, तर जाऊ नका. त्या 'नका'साठी मुंबईहून आलेला अख्खा ग्रुप मागे फिरला तरी चालेल.

गावातला वाटाड्या घ्याच, विशेषतः पहिल्यांदा. त्याची मजुरी आदल्या रात्री ठरवा आणि घासाघीस करू नका. मुक्कामाला घरं मिळतात, जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा, भात. सायकली त्याच घरी कुलूप लावून ठेवायच्या. परत येताना खालून घाट चढून याल तेव्हा अंधार होऊ शकतो, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

अंगावर आणि पाठीवर काय

बूट सगळ्यांत महत्त्वाचे. रबरी तळ मऊ हवा, खडकाला चिकटणारा. नवे कोरे बूट नकोत आणि सँडल तर नकोतच, कारण धोंड्यांच्या फटीत बोटं सापडतात. घोट्यापर्यंतचा बूट पाण्याने जड होतो पण घोटा वाचवतो, मी तोच पसंत करतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघा वाकू देत नाही. डोक्यावर हेल्मेट घाला, आणि फक्त दोरावर नाही तर घळीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत. वरच्या काठावरून वानरं आणि शेरडं चालतात, त्यांच्या पायाने सुटलेला लिंबाएवढा दगड दोनशे फुटांवरून येतो.

पाणी माणशी तीन लिटर. दरीच्या तोंडाशी झरा आहे, तिथे भरून घेता येतं. उन्हाळ्यात गावातूनच भरून निघा. मोबाइल, काडेपेटी, औषधं आणि कोरडे कपडे वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत. हेडलॅम्प माणशी एक, मोबाइलची बॅटरी हा हेडलॅम्प नव्हे. ग्रुपमध्ये एक वीस मीटरचा दोर, क्रेप बँडेज, ओआरएस आणि शिट्टी. मोठे टप्पे उतरायचे असतील तर दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायचं साधन) ही सामग्री आणि ती वापरणारे अनुभवी लोक वेगळे लागतात.

आत चालताना

तोंडाशी थांबा. दोन मिनिटं गप्प राहून पाण्याकडे बघा. निवळ आहे का, पानं तरंगतायत की एका दिशेने चाललीत, काठाच्या खडकावर ओल्याची रेघ सध्याच्या पाण्यापेक्षा किती वर आहे. ही रेघ ताजी आणि उंच असेल तर नुकतंच पाणी येऊन गेलंय. भिंतीतल्या फटींत अडकलेल्या काटक्या आणि गवत बघा. तुमच्या डोक्याच्याही वर ते अडकलेलं दिसेल. पावसाळ्यात पाणी तिथवर येतं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आत शिरल्यावर धोंड्यांवरून चालायचं असतं. पांढरट, कोरडा खडक बूट धरतो. काळा आणि ओला घसरतो, हिरवट तर पाय ठेवायच्या लायकीचा नसतो. पाऊल टाकायच्या आधी धोंडा पायाने दाबून बघा, डुगडुगला तर दुसरा. उड्या मारू नका, बसा, हात टेका, ढुंगणावर घसरत उतरा. यात कमीपणा नाही, गुडघे शाबूत राहतात. दोन माणसांत एवढं अंतर ठेवा की पुढच्याच्या पायाने सरकलेला धोंडा मागच्याच्या किंवा मागच्याने ढकललेला पुढच्याच्या पायावर येणार नाही. बारा-पंधरा जणांचा घोळका घळीत नकोच. सहा-आठ पुरे, त्यांत सगळ्यांत हळू चालणारा पुढून दुसरा.

वाटेत दोन डोह लागतात. पहिला लहान, पावसाळ्यानंतर काही काळ मांडीपर्यंत ते कमरेपर्यंत. दुसरा जास्त खोल, नोव्हेंबरमध्ये छातीलाही येतो. काठीने तळ चाचपत भिंतीच्या कडेने जायचं. तळाशी गोटे असतात, पाय सरपटत न्यायचे, उचलायचे नाहीत. सॅक डोक्यावर घेण्यापेक्षा हातोहात पलीकडे पोहोचवा आणि पाठीवर असेल तर कमरेचा, छातीचा पट्टा सोडा, म्हणजे तोल गेला तर ती अंगातून काढता येईल. पोहता न येणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पोहणारे ठेवा. डोहात सूर मारू नका, तळातला धोंडा गढूळ पाण्यात दिसत नाही.

दुसऱ्या कुठल्या दरीत वाहता ओढा ओलांडायची वेळ आली तर अरुंद जागा टाळा. ओढा जिथे रुंद आणि उथळ पसरतो तिथून जा, प्रवाहाकडे तोंड करा, काठी वरच्या अंगाला टेका आणि तिरके खाली सरकत पलीकडे जा. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नका. दोर कमरेला बांधून कुणालाही पाण्यात सोडू नका, तोल गेला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

पाणी आलंच तर

निवळ पाणी अचानक गढूळ होणं, पानं-काटक्यांचा लोट येणं, वाऱ्याशिवाय गार हवेचा झोत, लांबून गाडीसारखी घरघर. यातलं एक जरी जाणवलं तरी चर्चा करायची नाही, फोटो काढायचा नाही, सॅक गोळा करायची नाही. सगळ्यांत जवळच्या उंच जागी चढायचं, आणि ती जागा मघाशी भिंतीतल्या काटक्यांची जी रेघ बघितली तिच्या वर हवी. चालताना दर दहा मिनिटांनी 'आत्ता पाणी आलं तर मी कुठे चढेन?' हे स्वतःला विचारत राहिलात तर त्या क्षणी शोधाशोध करावी लागत नाही. अरुंद भागात अशी जागा नसते, म्हणून तो भाग रेंगाळण्याचा नाही. डबा खायचा तो भिंती संपल्यावर, मोकळ्या जागी.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते सगळे प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभे होते. काठ काही फुटांवर होता, पण तोपर्यंत पाण्यातून जाण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. ओढ्याच्या मधला खडक ही थांबायची जागा नाही, तो कितीही मोठा आणि कोरडा असला तरी.

माणूस वाहायला लागलाच तर त्याने पाठीवर व्हावं, पाय पुढे, वाहत्या दिशेला, म्हणजे खडक आधी पायांना लागतील. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला की पाय धोंड्यांत अडकतो आणि पाणी माणसाला आडवं पाडतं. पाणी संथ होईल तिथे काठाकडे हात मारा. बाकीच्यांनी पाण्यात उड्या घेऊ नयेत, काठावरून दोर किंवा काठी टाकावी.

मोहोळं आणि साप

कोरड्या दिवसांत दरीतला खरा धोका आग्या मोहोळांचा असतो. कड्याच्या कपारीत ती लोंबतात. अत्तर, डिओ, धूर, शेकोटी, आरडाओरडा, ड्रोन यांनी ती उठतात. मोहोळं दिसली की हळू आवाजात, न थांबता पुढे सरका. उठलीच तर तोंड आणि डोकं कपड्याने झाका आणि जितकं लांब जाता येईल तितकं जा. पाण्यात बुडून त्यांची वाट बघू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर ताबडतोब दवाखाना.

साप बहुतेक वेळा आपल्या आधी निघून जातो. धोंड्यांच्या फटीत न बघता हात घालू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या आणि माणसाला उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर सरकारी रुग्णालयात प्रतिविष मिळतं. हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही, तिथे लक्षणांवर उपचार होतात, पण दवाखाना गाठावा लागतोच. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, झुडपांना अंग घासू नका.

दोराचा टप्पा आणि परतीची वाट

भिंती संपल्यावर पहिला, साधारण ४५ फुटांचा टप्पा येतो, पुढे आणखी छोटे टप्पे आहेत. फक्त दरी बघायची असेल तर इथूनच मागे फिरा. सांदणचा सगळ्यांत सुंदर भाग तोवर बघून झालेला असतो, आणि पहिल्या वेळी मी हेच सुचवेन. उतरायचं असेल तर प्रशिक्षित लोकांसोबतच. दोर दोन स्वतंत्र आधारांना बांधलेला आहे ना, दोराची दोन्ही टोकं खालपर्यंत पोहोचलीत ना, हार्नेसचं बक्कल उलटं फिरवून घेतलंय ना, हे दुसऱ्या माणसाने हाताने चाचपून बघायचं. आधीच्या कुणी सोडलेल्या दोरावर वजन टाकू नका. उन्हापावसात तो आतून कुजलेला असतो. लांब केस, सैल ओढण्या आत खोचा.

खाली धोंड्यांचा लांबलचक पट्टा सुरू होतो. घोटे इथेच मुरगळतात, कारण लोक दमलेले असतात आणि अवघड भाग संपला असं मनात धरतात. वेग कमी करा. करोली घाटाची वाट वर साम्रदला येते. जुनी, लोकांच्या पायाखालची वाट आहे, पण फाटे फुटतात, वाटाड्या इथे खरा उपयोगी. दुपारी तीननंतर घाट चढायला घेऊ नका, त्याऐवजी डेहण्याला उतरा आणि आसनगाव स्टेशनला जाणारी गाडी आधीच सांगून ठेवा. ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका, वाळू कितीही सपाट दिसली तरी.

दरीत मोबाइलला रेंज नसते. काही झालं तर दोघांनी मिळून वर किंवा खाली गावात जायचं आणि ११२ ला फोन करायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनखात्यासाठी १९२६. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक घरून निघतानाच सेव्ह करून ठेवा. फोनवर जागा सांगताना 'सांदणमध्ये' एवढं पुरत नाही. दुसऱ्या डोहाच्या पुढे की मागे, पहिल्या टप्प्याच्या वर की खाली, जखमी चालू शकतो का, किती जण आहेत, हे कागदावर लिहून न्यायचं.

यानंतर कुठे

दरीची ओळख झाली असेल तर पुढचं पाऊल ताम्हिणीच्या बाजूला. मुळशीकडच्या पिंपरीहून निघून हिर्डीमार्गे भिऱ्याला उतरणारं अंधारबन हे तेरा-चौदा किलोमीटरचं दाट जंगल आहे. दोर लागत नाही, पण पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिथे लागू पडतं. ताम्हिणीतल्या डोंगरवाडीजवळची प्लस व्हॅली उतारालाच कठीण. तिथे घळीच्या तळाशी असलेल्या कुंडापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत चढावं. त्याच परिसरातलं देवकुंड पावसाळ्यात प्रशासन बंद ठेवतं, कुंडात बुडून अनेकांचे जीव गेले आहेत. निघण्याआधी पुणे किंवा रायगड जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आहे का ते बघा. आदेश असेल तर तो मोडून आत सोडणाऱ्या वाटाड्याबरोबर जाऊ नका. पाऊस सरला की हीच मंडळी तुम्हाला जास्त वेळ देऊन, जास्त आतपर्यंत दरी दाखवतात.